घोडीची धाप, स्टेरॉइड आणि गुळाचा खडा

ऊस खात्याच्या माणसाने घोड्यावर का लिहावे, असे काही सभासद बंधू म्हणतील. पण गटात फिरताना लागणीइतकीच जनावरांचीही विचारपूस होते. अंबड-घनसावंगी भागात अलीकडे एकच प्रश्न दोन-तीन ठिकाणी निघाला : "साहेब, घोडीला धाप लागलीय, ते स्टेरॉइडचं इंजेक्शन कुठं मिळंल?" आम्ही पशुवैद्य नव्हे. तेव्हा जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, तेच येथे मांडतो.

आधी एक गैरसमज. पहिलवान अंग भरायला घेतात ते स्टेरॉइड वेगळे. धापेवर देतात ते डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारे औषध. या जातीचे कॉर्टिझोन १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रोग्याला प्रथम टोचले. अंथरुणाला खिळलेली माणसे हिंडू लागली आणि १९५० साली केंडॉल व राइखस्टाइन यांच्यासह हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुष्परिणामही फार उशिरा दिसले नाहीत.

हे औषध नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे असते. मेडिकलवाल्याच्या ओळखीवर किंवा शेजाऱ्याच्या फ्रीजमधल्या अर्ध्या बाटलीवर भागवू नये. आणताना पक्की पावती घ्यावी, मुदतीची तारीख वाचावी. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन असेल तर प्रेडनिसोन चालवून घेऊ नये. फरक एका अक्षराचा, पण प्रेडनिसोन घोड्याच्या आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. पैसे जातात आणि धाप तशीच राहते. गोळ्यांची संख्या पाहूनही पुष्कळजण दचकतात. किलोमागे १ मिलिग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण धरले तरी ३०० किलोच्या घोडीला २० मिलिग्रॅमच्या १५ गोळ्या रोज होतात. मग "एक सुई टोचा अन् मोकळे करा" असा आग्रह सुरू होतो. सुई द्यायची की गोळी, आणि किती, हे डॉक्टरांनी घोडी तपासून ठरवावे. घोडी गाभण असल्यास ते आधी सांगावे. उरलेले औषध गोठ्यात तर मुळीच वापरू नये. गाभण गायीला शेवटच्या तीन महिन्यांत डेक्सामेथासोन दिले तर वासरू अवेळी पडू शकते.

गोळ्या सकाळी द्याव्यात, कारण घोड्याच्या अंगात या जातीचा रस निसर्गतः सकाळी जास्त असतो. बाहेरून औषध येत राहिले की मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी आपले काम कमी करतात. म्हणून बरेच दिवस दिलेले औषध बरे वाटले म्हणून एकदम तोडू नये; डॉक्टर सांगतील तसे उतरवत आणावे. पाणी व मूत्र वाढते, जखम लवकर भरत नाही, आतला संसर्ग झाकला जातो. औषध चालू असताना लस टोचायची वेळ आली तर तेही सांगावे.

सर्वांत जपायचे ते खूर. नखाच्या आत हाड धरून ठेवणारी पडदी सुजली की घोडे पुढचे पाय लांब टाकून भार मागच्या पायांवर घेते, वळताना अडखळते, नख हाताला गरम लागते. हाड खाली सरकले तर ते जनावर पुन्हा नीट चालेलच असे नाही. लठ्ठ घोड्यात आणि पूर्वी खूर सुजलेल्यात धोका जास्त. अशी लक्षणे दिसताच नालबंदाची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आणि येथेच आपला ऊस मध्ये येतो. स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. त्यावर माळेगावच्या यात्रेतून हौसेने आणलेल्या घोडीला लाडाने गुळाचा खडा, उसाची कांडी, हिरवे वाढे, मळी शिंपडलेली कुट्टी! गोड खाण्यानेही खूर सुजतात, मग दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल? औषध चालू असेपर्यंत हे सगळे बंद ठेवावे, हरभरा व भरडाही डॉक्टरांना विचारून कमी करावा. घरातल्या पोरांना हे दोनदा सांगावे लागते, म्हातारीला तीनदा.

मुळात धाप येते कुठून? बहुतेक वेळा धुळीतून आणि बुरशीतून. एका सभासदाच्या तबेल्यात जुन्या बगॅसचा बिछाना आम्ही पाहिला. पायाने उकरला तर धुरळा उठला नि कुबट वास आला. बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने साखर कामगारांना फुप्फुसाचा विकार होतो, त्याला बॅगॅसोसिस असे नावच आहे. तीच धूळ घोडी रात्रंदिवस हुंगत होती. अशा ठिकाणी सुईचा गुण जेमतेम औषध असेपर्यंत. त्या सभासदाने बगॅस उपसून शेतात टाकले, घोडी लिंबाखाली बांधली, कडबा पाण्यात बुडवून घालू लागले. डॉक्टरांनी औषध महिन्याभरात उतरवत आणून बंद केले. वरातीची सुपारी मात्र त्यांनी यंदा घेतलेली नाही, आणि आमच्या मते ते बरेच केले.