वेळ थोडा, वाचायचं फार : मग वाचायचं कसं?

‘वाचायला वेळच मिळत नाही.’ हे वाक्य आजकाल घराघरात ऐकू येतं. बारावीची मुलगी म्हणते, पोर्शन संपता संपत नाही. नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण म्हणतो, रात्री दहाला पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागतात. अम्मी म्हणते, सकाळचा डबा, दुपारचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याचं बघणं, यातून पुस्तक हातात घ्यायचं कधी? आणि विम्याचे, बँकेचे, भाडेकराराचे कागद तर बऱ्याच घरांत न वाचताच फाईलला लागतात.

तक्रार खोटी नाही. दिवस २४ तासांचाच आहे आणि तो वाढवणं कुणाच्या हातात नाही. पण मिळालेली वीस-पंचवीस मिनिटं कशी वापरायची, हे मात्र शिकता येतं. या लेखात आम्ही तेवढंच सांगणार आहोत. यासाठी कोणताही महागडा कोर्स लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू

‘महिन्याभरात वाचनाचा वेग पाचपट करा’ अशा जाहिराती आपण पाहतो. हा धंदा नवा नाही. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये असे वर्ग सुरू केले आणि ते खूप गाजले. पानावरून बोट झरझर फिरवायचं, मनातल्या मनात शब्द उच्चारायचे नाहीत, एका नजरेत ओळीच्या ओळी टिपायच्या, अशी ती पद्धत.

पण आपला डोळा तसा चालतो का? वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती छोट्या छोट्या उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढे उडी घेते. उडी चालू असताना डोळ्याला नवं काहीच वाचता येत नाही, जे काही वाचलं जातं ते थांब्यावर. आणि त्या थांब्यावरही स्पष्ट दिसतो तो भाग अगदी लहान असतो, थोड्याशा अक्षरांपुरता. म्हणजे अख्खं पान एका नजरेत ‘वाचणं’ डोळ्यांच्या रचनेतच बसत नाही.

कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष सरळ आहे : वेग फार वाढवला की समज कमी होते. मनातला उच्चार जबरदस्तीने बंद केला तरी अवघड मजकुराची समज घटते. मग वाचन खरोखर जलद कशाने होतं? जास्त वाचल्याने, शब्दसंपत्ती वाढल्याने आणि विषयाची आधीची ओळख असल्याने. क्रिकेट जाणणारा माणूस सामन्याची बातमी भराभर वाचतो आणि तोच माणूस शेअर बाजाराच्या पानावर अडखळतो. डोळे तेच असतात, फरक पडतो तो माहितीने.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो, असं २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. हा आकडा मराठीला लावू नका. ‘घरातल्या माणसांना’ हे आपल्याकडे दोन शब्द झाले, इंग्रजीत त्यालाच पाच-सहा शब्द लागतात. म्हणून मुलाचा वेग कुणा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

पहिली पाच मिनिटं चाळण्यासाठी

वेळ वाचतो तो डोळे पळवून नाही, तर काय वाचायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवून. अमेरिकन लेखक मॉर्टिमर ॲडलर यांनी १९४० मध्ये पुस्तक कसं वाचावं यावरच एक पुस्तक लिहिलं. नीट वाचण्याआधी पुस्तकाची पाहणी करा, असा त्यांचा आग्रह होता. ती अशी करता येईल :

- मलपृष्ठावरचा मजकूर आणि अनुक्रमणिका वाचा.
- प्रस्तावनेवर नजर टाका. पुस्तक कुणासाठी आणि का लिहिलंय, हे बहुधा तिथेच सापडतं.
- हवं ते प्रकरण उघडून त्याचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा. मधली उपशीर्षकं, तक्ते, नकाशे पाहा.
- मग स्वतःला विचारा : मला यातून काय हवंय?

या पाच मिनिटांनंतर पुस्तक तीनपैकी एका गटात जातं. काही पुस्तकं फक्त चाळायची, काही एकदा वाचायची आणि काही थोडीच पुन्हा पुन्हा वाचायची. सगळं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मं ओझं उतरतं. वर्तमानपत्राचंही तसंच. बातमीचा गाभा बहुतेक वेळा पहिल्या दोन परिच्छेदांत येऊन जातो.

प्रश्न घेऊन वाचा

ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये अभ्यासासाठी पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आधी चाळा, मग प्रश्न तयार करा, मग वाचा, मग न बघता सांगा आणि शेवटी उजळणी करा. आजही जगभर विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकवली जाते.

समजा, स्पर्धा परीक्षेसाठी ‘राज्यपालांचे अधिकार’ हे प्रकरण वाचायचं आहे. सरळ वाचायला सुरुवात केली तर दहा मिनिटांत लक्ष उडतं. त्याऐवजी शीर्षकाचेच प्रश्न करा. राज्यपालांची नेमणूक कोण करतं? ते अध्यादेश केव्हा काढू शकतात? आता डोळे उत्तर शोधत वाचतात. कलम १५५ पाशी ‘राष्ट्रपती’ हा शब्द दिसला की तो मनात बसतो. कलम २१३ पाशी कळतं की विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसतानाच अध्यादेश काढता येतो. जी वाक्यं आपल्या प्रश्नाशी संबंधित नाहीत, त्यांवरून नजर आपोआप पुढे जाते. बाजारात यादी घेऊन गेलेला माणूस आणि यादीशिवाय गेलेला माणूस यांत जो फरक असतो, तोच इथेही.

लहान मुलांसाठी हे काम घरातली कुणीही मोठी व्यक्ती करू शकते. धडा आपल्याला शिकवता आला नाही तरी चालेल. फक्त शीर्षक वाचून विचारायचं, ‘बेटा, यात काय काय असेल असं वाटतं?’ मुलाचं उत्तर चुकलं तरी हरकत नाही, ते तपासायलाच तो धडा वाचेल.

पुस्तक मिटा आणि आठवा

बहुतेक विद्यार्थी एकच पान चार-चार वेळा वाचतात, पिवळ्या-हिरव्या पेनाने सगळं रंगवतात आणि समजतात की अभ्यास झाला. इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. इतरांना तो एकदाच वाचायला दिला आणि नंतर न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवलं, दुसऱ्या गटाला ७५ टक्के. पण आठवड्याने चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने येतं असं वाटतं, आठवून पाहिल्याने खरोखर लक्षात राहतं.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि पुन्हा वाचणं यांना त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकलं. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दोन : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं.

ही दुसरी गोष्ट आपल्या घरांत नवी नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलाला विचारा. तो रोज नवा सबक घेतो, पण त्यासोबत अलीकडचा भाग सुनावतो आणि जुन्या पाठाचा आमुख्ताही करतो. बघून वाचत नाही, उस्तादांना न बघता ऐकवतो. आठवून पाहणं आणि अंतराने उजळणी करणं, दोन्ही त्यात आलं. जी शिस्त मुलं मदरशात पाळतात, तीच शाळेच्या विज्ञानाला आणि इतिहासाला लावायला काय हरकत आहे? आज वाचलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, प्रत्येक वेळी पुस्तक मिटून पाच मिनिटं आठवायचं. अडलं तरच पान उघडायचं.

उर्दूतून मराठीकडे आलेल्या मुलांसाठी

आपल्या समाजात अनेक मुलं प्राथमिक शिक्षण उर्दूतून घेतात आणि पुढे मराठी किंवा इंग्रजीकडे वळतात. अशा मुलाचा वाचनाचा वेग एकदम पडतो आणि घरचे म्हणतात, ‘मुलगा अभ्यासात मागे पडला.’ घाबरू नका. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, तेव्हा डोळे थांब्याच्या डावीकडची अक्षरं अधिक टिपतात. इंग्रजी वाचताना तेच डोळे उजवीकडची अक्षरं अधिक टिपतात. उर्दू आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या वाचकांवर झालेल्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला. म्हणजे नजर दोन्ही दिशा शिकू शकते, तिला सराव मात्र लागतो.

खरी अडचण असते ती शब्दांची. ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘गुणोत्तर’, ‘लोकसत्ताक’ असे शब्द पहिल्यांदाच समोर आले की मूल प्रत्येक ओळीला अडखळतं. त्यासाठी धडा वाचण्याआधी त्यातले आठ-दहा अवघड शब्द काढून वहीत तीन रकाने करा : मराठी, उर्दू आणि इंग्रजी. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचा तासभर वाचतो. शिवाय रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. दादी-नानीला बातमी वाचून दाखवणं हा तर उत्तम सराव, दोघांचंही काम होतं.

वीस मिनिटांचा हिशोब

समजा, आपल्याला एक पान वाचायला तीन मिनिटं लागतात. रोज वीस मिनिटं वाचलं तर सहा-सात पानं होतात, म्हणजे महिन्याला दोनशे पानांच्या आसपास. एक मध्यम आकाराचं पुस्तक झालं! वर्षाला बारा.

ही वीस मिनिटं सलगच हवीत असं नाही. फजरनंतरची दहा मिनिटं आणि मगरिब-इशाच्या मधली दहा मिनिटं चालतील. लोकलमध्ये किंवा एसटीत बसायला जागा मिळाली तर तोही वेळ आपलाच. फक्त तीन गोष्टी पाळा. वेळ रोज तीच ठेवा. पुस्तक हाताला येईल अशा जागी ठेवा. आणि तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या. अवघड वाचन सकाळी करा, रात्रीसाठी हलकं ठेवा. घरात सगळ्यांनी एकाच वेळी वाचायला बसलं तर मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथे मात्र घाई नको

एक प्रकार असा आहे जिथे वेग नको, सावकाश वाचायला हवं. सहीचे कागद. कर्ज, भाडेकरार, आरोग्य विमा. एजंट म्हणतो, ‘सही करा, सगळं नेहमीचंच आहे,’ आणि आपण करतो. पुढे दवाखान्यात क्लेम नाकारला गेला की मग कागद शोधायला लागतो.

असा कागद पहिल्या ओळीपासून वाचत बसाल तर दुसऱ्या पानावर कंटाळाल. त्याऐवजी इथेही प्रश्न घेऊन बसा. एकूण किती पैसे द्यायचे? कोणत्या तारखेला? व्याज बदलतं की ठरलेलं आहे? हप्ता चुकला तर दंड काय? मधेच बाहेर पडायचं तर अट कोणती? विमा असेल तर काय काय मिळणार नाही आणि आधीपासून असलेल्या आजाराला किती काळ थांबावं लागेल? उत्तरांखाली पेन्सिलने रेघ ओढा. ज्याचं उत्तर सापडलं नाही, ते सहीआधी विचारा. तोंडी नको, लेखी मागा.

विम्याच्या बाबतीत एक सोय लक्षात ठेवा. २०२४ च्या नियमांनुसार आयुर्विमा किंवा आरोग्य विम्याची नवी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. याला फ्री-लूक कालावधी म्हणतात. पण हा हक्क त्यालाच उपयोगी, जो त्या ३० दिवसांत पॉलिसी उघडून वाचतो. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलीला सोबत बसवा. तिलाही शिकायला मिळेल.

सुरुवात छोटी करा. आज रात्री घरातलं एकच पुस्तक किंवा एकच कागद निवडा. पाच मिनिटं चाळा, तीन प्रश्न लिहा, दहा मिनिटं वाचा, मग पुस्तक मिटून काय कळलं ते घरातल्या कुणाला तरी सांगा. आठवडाभर एवढं करून पाहा आणि आठव्या दिवशी पहिल्या दिवशीचं किती आठवतं, ते स्वतःच तपासा.