पासपोर्ट युरोपचा, बायको रत्नागिरीची : व्हिसा नेमका अडतो कुठे?

कोकणात आणि गोव्यात निकाहाची बोलणी सुरू झाली की हल्ली एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते : मुलाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. पोर्तुगीज राजवटीत गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला त्या नागरिकत्वाचा दावा करता येतो, त्यात आपल्या समाजातलीही घरं आहेत. मुलीकडचे समजतात, पासपोर्ट आहे म्हणजे मुलगी दोन महिन्यांत तिकडे. मग निकाह होतो, मुलगा कामावर परत जातो आणि मुलगी माहेरीच फाइल सांभाळत बसते.

अडचण समजून घ्यायची तर आधी एक विचारा. मुलाचा पासपोर्ट कुठला हे झालं. तो राहतो कुठे?

युरोपियन युनियनचा २००४ सालचा एक कायदा आहे. युनियनमधल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला किंवा कामाला गेला, तर त्याच्या पत्नीला किंवा पतीला त्याच्यासोबत राहण्याचा हक्क आहे, मग ती व्यक्ती भारताची असो की मोरोक्कोची. प्रवेशाचा व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण माणूस स्वतःच्याच देशात राहत असेल तर साधारणपणे हा कायदा लागू होत नाही, त्या देशाचे स्वतःचे नियम लागतात. म्हणून जर्मनीत उलटाच प्रकार दिसतो. जर्मन नागरिकाच्या भारतीय बायकोला सहसा येण्याआधी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याच्या भारतीय बायकोला ती अट नाही. घरच्यापेक्षा पाहुण्याला हक्क जास्त!

हे हक्क कोर्टात भांडूनच पक्के झाले आहेत. त्यातला एक महत्त्वाचा निकाल एका भारतीयाच्या नावाने ओळखला जातो. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश होती. दोघं काही वर्षं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. १९९२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की, दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळतं. पुढे २००८ मध्ये आयर्लंडच्या मेटॉक खटल्यात कोर्टाने आणखी स्पष्ट केलं : लग्न कधी आणि कुठे झालं, जोडीदार आधी युरोपात कायदेशीर राहत होता की नाही, यावर हक्क अडवता येणार नाही.

आता ब्रिटन. आपली बरीच पोरं तिथेच आहेत आणि गैरसमजही तिथलेच जास्त. ब्रेक्झिटनंतर तिथे हा कायदा राहिला नाही. मुलगा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे स्थायिक झालेला असेल आणि निकाहही त्या तारखेपर्यंत झाला असेल, तर पत्नीसाठी फी नसलेला फॅमिली परमिट मागता येतो. त्यानंतर नातं जुळून निकाह झाला असेल तर ब्रिटनचा नेहमीचा स्पाउस व्हिसा. त्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९ हजार पौंड उत्पन्नाची अट आहे, शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि भरपूर फी. वेअरहाऊसमध्ये राबणाऱ्या पोराला हा आकडा गाठणं सोपं नाही. बोलणी करताना लाजू नका, पगाराची स्लिप मागा.

कागदांचं म्हणाल तर नुसत्या उर्दू निकाहनाम्यावर विसंबू नका. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत विवाह नोंदणी करून घ्या. मागितल्यास परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल आणि अनुवादही लागतो. नावांचे घोळ तर आपल्याकडे घरोघरी : निकाहनाम्यात शेख, पासपोर्टवर शैख, आधारवर तिसरंच. अर्ज करण्याआधी हे सरळ करा. एकमेकांना न भेटता व्हिडिओ कॉलवर निकाह लावला असेल तर संशय येणारच. ब्रिटनमध्ये तर दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं ही अटच आहे. पहिली पत्नी असताना केलेल्या दुसऱ्या निकाहाला मान्यता देण्याचं बंधनही या देशांवर नाही.

शेंगेन देशासाठी अर्ज असेल तर फॉर्म नीट पाहा. नोकरी, खर्चाची सोय अशा काही रकान्यांपुढे फुलीसारखी खूण असते. २००४ च्या कायद्याखाली जाणाऱ्या पत्नीने ते भरायचे नसतात. एजंटने साधा टुरिस्ट अर्ज भरला तर बँक बॅलन्स, परतीचं तिकीट सगळं मागितलं जाईल आणि "परत येणार नाही" म्हणून नकारही मिळेल. नवऱ्याचा पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि तो त्या देशात राहतो किंवा दोघं सोबत तिथे जाताहेत याचा पुरावा, मुख्य कागद एवढेच.

तरी नकार आलाच तर कारण लेखी मिळालं पाहिजे आणि अपिलाची मुदत त्या पत्रात दिलेली असली पाहिजे; ती देशानुसार वेगळी असते. ती मुदत साधारणपणे नकार कळवल्यापासून मोजली जाते, म्हणून पत्र हातात आल्याची तारीख लिहून ठेवा. युनियनमधल्या सरकारी कार्यालयाने नियम डावलला असं वाटलं तर 'सॉल्व्हिट' या मोफत सेवेकडे नवऱ्याने तिकडूनच तक्रार करावी. पण तक्रारीने अपिलाची मुदत थांबत नाही, दोन्ही एकदमच करा.