गाळण्याचे फडके आणि प्रयोगशाळा

घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसले, त्या दिवशी सूनबाईंनी नळाला बांधलेले गाळणे सोडून घडी करून ठेवले. ‘आता याचे काय काम, बाबा?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ‘आपली परंपरा आहे’ एवढे म्हणून मला सुटता आले असते. पण ते उत्तर नव्हे, उत्तर टाळणे आहे.

जलगालनाचे नियम आपल्या आचारात बारकाईने सांगितलेले आहेत. वस्त्र जाड व दुहेरी हवे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. फडक्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत अलगद सोडायची. हेतू जीवरक्षणाचा, पिणाऱ्याचे आरोग्य हा त्यातला पहिला विचार नाही. हे आधीच मान्य केलेले बरे, कारण पूर्वजांना सूक्ष्मदर्शकाविना रोगजंतू ठाऊक होते, असे सांगण्याची आपल्याकडे फार हौस.

नारूचेच पाहा. पायाला नारूची जखम असलेला रोगी पायविहिरीत उतरला, की अळ्या पाण्यात पडत. सायक्लॉप्स नावाचा इवलासा जलचर त्या गिळी आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. सुमारे वर्षभराने लांबलचक कृमी पायातून बाहेर पडू लागे. सायक्लॉप्स दाट फडक्यातून जात नाही, म्हणून गाळून पिणारे घर वाचे. मात्र जिवाणी त्याच विहिरीत परतल्याने, न गाळणारा शेजारी वाचत नसे. हे चक्र उलगडले ते विज्ञानाने. १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पायविहिरींऐवजी हातपंप आले, घरोघरी गाळणी गेली, सायक्लॉप्स मारणारे औषधही पाण्यात पडले. १९९६ नंतर देशात नवा रुग्ण नाही. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. त्या औषधाने असंख्य जलजीव मेले, हे श्रावकाच्या मनाला टोचते, टोचावेच. पण खाटेवर विव्हळणारा शेतकरीही पंचेंद्रिय जीवच होता.

उलट बाजूही आहे. पटकीचा जंतू इतका सूक्ष्म, की कापडातून सहज निसटावा. म्हणून फडक्याला कोणी गंभीरपणे घेत नसे. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवले, की हा जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतो. मग त्यांनी व सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ गावांत प्रयोग केला. जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. नव्या साडीपेक्षा जुनी सरस ठरली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात. (मिनिटेही ४८ आणि टक्केही ४८; यातून कृपया कोणी चमत्कार काढू नये.) निम्मी पटकी टळली, निम्मी उरली, हेही विसरू नये. कावीळ पसरवणारे विषाणू तर साडीला दाद देत नाहीत. तिथे पाणी उकळलेच पाहिजे.

त्याच बांगलादेशात १९७० च्या दशकापासून, तळ्यांचे दूषित पाणी टळावे म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतू टळले, पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी पाहिले नाही. ते १९९३ साली सापडले, तोवर माणसे वर्षानुवर्षे विष पीत होती. आर्सेनिक फडक्याने अडत नाही आणि उकळल्यानेही जात नाही. घाई तज्ज्ञांची होती; ती उघडकीस आणली तीही रासायनिक तपासणीनेच.

हे सारे मी सूनबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून गावाकडच्या विहिरीच्या पाण्याची बाटली तपासणीला पाठवली, आणि फडके पुन्हा नळाला बांधले. अहवाल अजून यायचा आहे. मात्र तिसऱ्या मजल्यावर नळाचे पाणी गाळल्यावर जिवाणी कोणत्या विहिरीत सोडायची, या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावर मी अजून अडलेलो आहे.