धावपट्टी दिसतेय का?

28 जानेवारी 2026 च्या सकाळी बारामतीत काय घडलं, हे शिराळ्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. तेव्हापासून चहाच्या टपरीवर, एसटीत, सोसायटीच्या ओट्यावर प्रत्येकाच्या खिशात एक कारण तयार आहे. कुणी म्हणतं इंजिनच गेलं, कुणाला घातपाताचा संशय, तर कुणाच्या मते विमानच जुनाट होतं. अजित पवारांसह पाच जणांचा जीव घेणाऱ्या या अपघाताचा तपास विमान अपघात तपास संस्था (एएआयबी) करते आहे. निष्कर्ष काढणं तिचंच काम. पण नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं त्या दिवशी जे निवेदन दिलं, त्यातला एक तपशील या गलक्यात हरवून गेला. लिअरजेट 45 पहिल्यांदा उतरायला आलं तेव्हा वैमानिकांनी कळवलं होतं, धावपट्टी दिसत नाही. विमान पुन्हा वर गेलं, वळसा घालून आलं. दुसऱ्या खेपेलाही आधी ‘दिसत नाही’ आणि काही सेकंदांनी ‘दिसली’. 8 वाजून 43 मिनिटांनी उतरायची परवानगी मिळाली, तिला उत्तर आलं नाही. मिनिटभरानं धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या.

दृश्यमानता सुमारे 3 किलोमीटर होती, असं हेच निवेदन सांगतं. मोटारसायकलवरच्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. पण या जातीचं जेट उतरताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं. 3 किलोमीटर म्हणजे त्याच्या हिशेबानं जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात पट्टी शोधायची, नाक तिच्या रेषेत आणायचं, उंची आणि वेग जुळवायचा आणि जमत नसेल तर वेळेत ‘नको’ म्हणायचं. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर साधारण नियम 5 किलोमीटरचा आहे, तो उगाच नाही.

खासगी छोट्या विमानांचे अपघात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हवेत बंद पडलेलं इंजिन येतं. इंजिनं बंद पडतात, नाही असं नाही. तरी देशोदेशीचे तपास अहवाल चाळले तर दोष यंत्रापेक्षा निर्णयात सापडतो, आणि त्यातही सर्वांत जीवघेणा निर्णय एकच: समोर ढग किंवा धुकं दिसत असताना ‘बघू पुढं’ म्हणत आत शिरणं.

हे इतकं घातक का, याचं उत्तर 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मिळालं. तिथं 20 जणांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवून, बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, नुसत्या उपकरणांवर विमान चालवायला सांगितलं. यातल्या कुणालाही उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नव्हतं. 20 च्या 20 जणांच्या हातून विमान गेलं. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकानं सावरलं म्हणून निभावलं. कुणी 20 सेकंद टिकला, कुणी 480. सरासरी निघाली 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. त्यातले 19 जण एकाच पद्धतीनं हरले: विमान हळूहळू एका अंगावर कललं, कळलं नाही, मग नाक खाली जाऊन गिरकी वाढत गेली.

दोष त्यांच्या धैर्यात नव्हता, कानात होता. आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत, द्रव भरलेल्या तीन नळ्यांत असतं. जत्रेतल्या फिरत्या चक्रात डोळे मिटून बसलेल्या पोराला थोड्या वेळानं आपण फिरतोय हेच जाणवेनासं होतं, आणि चक्र थांबलं की उलटीकडे फिरल्यासारखं वाटतं. ढगात वैमानिकाचं नेमकं हेच होतं. कललेलं विमान सरळ केलं की शरीर ओरडून सांगतं, उलट्या बाजूला कललास. उपकरण एक सांगतं, शरीर दुसरं. उपकरणावर विश्वास ठेवायला महिनोन् महिने सराव लागतो. सरावलेल्यांचाही घात होतो तो बहुधा जमिनीजवळ, जिथं नजर क्षणात काचेबाहेर आणि क्षणात पुन्हा आत घ्यावी लागते.

उदाहरणं शोधायला लांब जायला नको. ज्या शिंदे घराण्याचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड, त्या घराण्यातले माधवराव 30 सप्टेंबर 2001 रोजी कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवेत उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीजवळ त्यांचं किंग एअर सी-90 कोसळलं, आठही जण गेले. 2 सप्टेंबर 2009 ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर पावसाळी ढगांत कोसळलं. चौकशीत दिसलं, की ट्रान्समिशन ऑइलच्या दाबाचा इशारा आल्यावर दोन्ही वैमानिक तपासणी पुस्तिकेत उपाय शोधण्यात गुंतले आणि वादळी ढगाकडे लक्ष राहिलं नाही. 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईत मुसळधार पावसात, 700 मीटर दृश्यमानतेत लिअरजेट 45 घसरून मोडलं. बारामतीचं विमान ज्या कंपनीचं, तिचंच तेही. त्यातले आठही जण वाचले. आणि 2 ऑक्टोबर 2024 ला पुण्याच्या बावधनमध्ये सकाळच्या धुक्यात उडालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांत डोंगराळ भागात कोसळलं. तिघं गेले. ते मुंबईला एका खासदारांना आणायला निघालं होतं.

‘आणायला निघालं होतं’ हे शब्द जरा थांबून वाचावेत. या यादीत सभा आहे, दौरा आहे, वाट पाहणारी माणसं आहेत. मोठ्या प्रवासी कंपनीचा वैमानिक हवा बघून विमान दुसऱ्या शहरात उतरवतो, दोनशे प्रवासी शिव्या देतात, विषय संपतो. चार्टर विमानात मागच्या खुर्चीवर ज्यांच्यासाठी विमान उडतंय तीच व्यक्ती बसलेली असते. कुणी दमदाटी करतं असं नाही; बहुतेक वेळा कुणी एक शब्दही बोलत नाही. पण ‘साहेबांचा साडेनऊचा कार्यक्रम आहे’ हे वाक्य कॉकपिटमध्ये न बोलताही ऐकू येतं. प्रचाराच्या दिवसांत कॉलेजच्या मैदानावर चुन्याचा गोल आखून हेलिकॉप्टरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांनाही ही घाई अनोळखी नाही.

हेलिकॉप्टरची आणखी एक दुखरी बाजू म्हणजे तारा. 25 मे 2017 रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून आपटलं. सुदैवानं सगळे बचावले. लातूरचा मे महिना, भर दुपार. तापलेली हवा विरळ होते आणि पंख्याला तेवढी उचल देत नाही. आपल्याकडेही चाळकेवाडी, वनकुसवडे, गुढे-पाचगणीच्या पठारांवर पवनचक्क्या आणि त्यांच्या वाहिन्या पसरलेल्या आहेत. जून ते सप्टेंबर तिथं ढग जमिनीवरच लोळतात. उडणाऱ्यासाठी यापेक्षा वाईट जोडी नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखावरची हवा सुटणं. 60 अंशांच्या कलत्या वळणात स्टॉल होण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो, त्यामुळे उतरण्याआधीचं शेवटचं वळण हुकलं की ओढून-ताणून घेतलेलं वळणच जिवावर येतं. छोट्या पिस्टन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये दमट हवेत, बाहेर 25 अंश तापमान असतानाही बर्फ धरतो, हे कोकणातल्या माणसाला पटत नाही, पण खरं आहे. आणि इंधनात पाणी. म्हणूनच पहिल्या उड्डाणाआधी शिकाऊ वैमानिक टाकीच्या बुडाची कळ दाबून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढतो, पेला उजेडात धरतो. विमानाचं 100 एलएल पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब बसलेला दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत पेला पुन्हा पुन्हा भरायचा. पोरं कंटाळतात. शिकाऊ विमानांचेही अपघात होतात: ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीतच, 19 आणि 22 तारखेला, एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं कोसळली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) तिचं प्रशिक्षण थांबवलं होतं.

त्यानंतर त्या विमानतळाकडे बारकाईनं बघायला हवं होतं. बारामतीला नियंत्रण मनोरा चालवणारं सरकारी पथक नव्हतं. माहिती द्यायचं काम उड्डाण शाळांचे प्रशिक्षक करत. अपघातानंतर हवाई दलाचं पथक तातडीनं तिथं वाहतूक नियंत्रण आणि हवामानाची माहिती पुरवायला आलं. एका दिवसात येऊ शकणारी गोष्ट आधी येऊ शकत नव्हती का, हा प्रश्न एएआयबीच्या अहवालाची वाट न पाहता विचारता येतो.

कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळात सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधली. तिच्या विस्ताराचा वाद वारुंजी, केसे, मुंढे या गावांत वर्षानुवर्षं चालू आहे. जमीन किती, मोबदला किती, पट्टी किती लांब. सांगलीजवळच्या कवलापूरच्या माळावर विमानतळ व्हावा ही मागणीही निवडणूक आली की उगवते. या दोन्ही चर्चांत ढगाची उंची मोजणाऱ्या सीलोमीटरचं नाव कधी येत नाही, की वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या पापी दिव्यांचं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली ‘गगन’ ही उपग्रह प्रणालीही वापरात आहे. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर तिच्या आधारे उतरलं, जमिनीवर विमानाला उतरायची दिशा दाखवणारी महागडी आयएलएस यंत्रणा न बसवता. विमानात योग्य रिसीव्हर आणि त्या धावपट्टीसाठी आखून मंजूर केलेला मार्ग, एवढं लागतं. कृष्णा-कोयनाकाठच्या धुक्यातून कराडला उतरणाऱ्या विमानासाठी हा मार्ग आखायला एक गुंठाही जमीन संपादित करावी लागत नाही.