जुना नट आणि नवा अवतार

आवडती कलाकृति नव्या रूपांत पुन्हा लोकांपुढें आली म्हणजे प्रेक्षकांत दोन तट पडावयाचेच. एक तट नव्याचें कौतुक करावयास उत्सुक असतो, दुसरा पडदा वर जाण्यापूर्वींच विचारतो, "सारें खरें, पण आमचा तो कोठें आहे?" ज्या नटानें ती भूमिका नांवारूपास आणली तो नव्या खेळांत दिसत नाहीं, हें त्याच्या चाहत्यांस पहिल्याच घासाला खडा लागल्यासारखें वाटतें. इंग्रजी चित्रसृष्टींत जुनें कथानक पुन्हा मुळापासून मांडण्यास 'रीबूट' म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यापाठोपाठ येणारें भांडण फार जुनें आहे, आणि तें केवळ नाटक-चित्रपटांपुरतें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

जत हें सांगली जिल्ह्याचें पूर्वेकडचें टोंक. डफळ्यांचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. कर्नाटकाची सरहद्द येथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळें बाजारांत मराठीइतकीच कानडीहि कानीं पडते. अशा गांवीं नामवंत मंडळीचें नाटक पाहावयाचें तर बहुधा सांगली-मिरजेची वाट धरावी लागे. सुमारें ८०-९० किलोमीटरांचा प्रवास करून पाहिलेलें नाटक एका रात्रींत संपत नसे. तें पुढें वर्षानुवर्षें घरांत बोललें जाई. तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या घरांत आजोबांच्या तोंडीं वसंतराव देशपांड्यांचे खांसाहेब असावेत, आणि नातवाच्या तोंडीं एखाद्या अंतराळयानाचा कप्तान असावा, यांत आज कांहीं नवल नाहीं. आजोबा नातवास म्हणतात, "तुमचें तें सारें यंत्रांचें." नातू म्हणतो, "आजोबा, तुमचें तें सारें आलापांचें." वरवर पाहतां दोघांचीं जगें निराळीं, परंतु दोघांचें गाऱ्हाणें मात्र एकच आहे.

प्रथम नातवाची बाजू ऐकूं. अमेरिकेंत ८ सप्टेंबर १९६६ पासून 'स्टार ट्रेक' नांवाची विज्ञानकथेची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तींत यानाचा कप्तान कर्क ही भूमिका विल्यम शॅटनर यांची, आणि त्याचा शांत, तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक ही लेनर्ड निमॉय यांची. दोघेहि १९३१ च्या मार्च महिन्यांत चार दिवसांच्या अंतरानें जन्मलेले. मालिका तीनच हंगाम चालली. पण तिचे भक्त वाढतच गेले आणि पुढें तीवरून चित्रपटहि निघाले. २००९ सालीं जे. जे. एब्रॅम्स या दिग्दर्शकानें तीच कथा नव्या, तरुण नटांस घेऊन पुन्हा आरंभापासून मांडली. त्या चित्रपटांत वृद्ध स्पॉक म्हणून निमॉय होते. शॅटनर मात्र नव्हते. झालें ! भक्तमंडळींत जुंपली. एक पक्ष म्हणे कीं, १९९४ च्या चित्रपटांत कर्क मरण पावलेला दाखविला आहे. मेलेला मनुष्य आणावयाचा कोठून? दुसरा पक्ष म्हणे कीं, ज्या कथेंत मनुष्य काळाच्या प्रवाहाविरुद्ध पोहून मागें येतो, तेथें एका मृत्यूचें एवढें काय अडलें ? लेखकांनीं शॅटनर यांच्यासाठीं एक लहानसा प्रसंग लिहूनहि पाहिला होता. तो अखेर चित्रपटांत आला नाहीं. आपणांस वगळल्याबद्दल शॅटनर यांनींहि उघड नाराजी दाखविली.

या वादांत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. निमॉय यांस त्या चित्रपटांत जागा मिळाली ती मानाची म्हणून नव्हे, तर कामाची म्हणून. त्या वृद्ध स्पॉकावांचून कथेचा गाडा पुढें सरकत नाहीं; तो तरुण कर्कास जें सांगतो त्यावर पुढचा सारा भाग उभा आहे. केवळ ओळखीच्या चेहऱ्यास टाळी मिळावी म्हणून एखाद्या प्रसंगांत शॅटनर यांस उभें केलें असतें, तर तें त्यांच्या चाहत्यांस तरी पुरलें असतें काय ? न बोलावणें हा एक अपमान. परंतु बोलावून काम न देणें हा दुसरा, आणि आमच्या मतें अधिक खोल. पुढें १३ ऑक्टोबर २०२१ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, हेच शॅटनर खऱ्याखुऱ्या यानांतून अंतराळाच्या सीमेपर्यंत जाऊन आले. ज्यास नव्या कथेंत यान मिळालें नाहीं, त्यास तें अखेर आकाशांत मिळालें, असें त्यांच्या चाहत्यांनीं म्हणावें.

हें परदेशांतलें वेड म्हणून हंसण्यासारखें नाहीं. ज्या सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीता-स्वयंवर' रंगविलें, त्या मुलखांत हा प्रश्न फार पूर्वींच येऊन गेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें. त्यांच्या मंडळींत भाऊराव कोल्हटकरांनीं आपल्या चढ्या, पल्लेदार आवाजानें स्त्रीभूमिका गाजविल्या. १९०१ सालीं भाऊराव निवर्तले. ज्यांच्या कानांत त्यांचा आवाज घुमत होता, त्यांस दुसऱ्याची शकुंतला रुचावी कशी ? आणि तरीहि १९०५ सालीं, मिरजेंत, सतरा वर्षांचा एक मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. तो नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांचा आवाज भाऊरावांसारखा नव्हता, आणि तो तसा करण्याच्या खटपटींत ते पडले नाहींत. त्यांची शकुंतला त्यांची स्वतःची होती. भाऊरावांची जागा त्यांनीं घेतली असें म्हणण्यापेक्षां तिच्या शेजारीं स्वतःची नवी जागा केली, असें म्हणणें अधिक योग्य.

परंतु बालगंधर्वांचेंच पुढील आयुष्य या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितें. उतारवय झालें, शरीर थकलें, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच कराव्यात असा काळ आला, तरी ते स्त्रीभूमिकांत उभे राहत गेले. रसिक प्रेमानें जात, गाण्यावर मान डोलवीत. पण डोळ्यांपुढचें रूप आणि मनांतलें रूप यांची सांगड घालतांना त्यांचेंहि मन कष्टी होत असलें पाहिजे. जुना नट नसणें जसें खटकतें, तसें त्याचें फार काळ असणेंहि कधीं कधीं खटकतें. २०११ सालीं त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला तेव्हां सुबोध भावे यांनीं त्यांचें रूप घेतलें आणि आनंद भाटे यांनीं त्यांचें गाणें. एका माणसाचा वारसा पेलावयास दोन माणसें लागलीं !

आतां आजोबांच्या खांसाहेबांकडे येऊं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक १९६७ सालीं प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनें रंगभूमीवर आणलें. हे पणशीकरहि १९३१ च्या मार्च महिन्यांतलेच, हा एक मौजेचा योग. संगीत जितेंद्र अभिषेकींचें. खांसाहेब आफताब हुसेन ही भूमिका वसंतराव देशपांड्यांची. वसंतराव आणि खांसाहेब हे दोन निरनिराळे पुरुष आहेत, हेंच प्रेक्षक विसरून गेले. ३० जुलै १९८३ रोजीं वसंतराव गेले, त्या वेळीं त्यांचे नातू राहुल चार वर्षांचेहि नव्हते. याच नातवानें २०१० सालीं पुनरुज्जीवित नाटकांत आजोबांचे खांसाहेब उभे केले. घराण्याचा मान घराण्यांत राहिला म्हणून रसिक संतोषले.

पण २०१५ च्या नोव्हेंबरांत त्याच कथेचा चित्रपट आला आणि तेथें खांसाहेब झाले सचिन पिळगांवकर. गळा मात्र राहुल देशपांडे यांचाच ! मग गाणारा समोर कां नाहीं, असा प्रश्न ज्यांनीं रंगभूमीवरचा खेळ पाहिला होता त्यांच्या मनांत उठणें साहजिक होतें. त्यावर उत्तर असें देतां येईल कीं, रंगभूमीवर गाणें हाच अभिनय असतो. पडद्यावर चेहरा अगदीं जवळून दिसतो, तेथें कसोटी वेगळी. हें उत्तर कोणास पटेल, कोणास नाहीं. परंतु ज्या पिढीनें 'कट्यार'चें नांवहि ऐकलें नव्हतें, त्या पिढीचीं मुलें त्या चित्रपटानंतर तीं पदें गुणगुणूं लागलीं, हें कोणत्याहि पक्षास नाकारतां येणार नाहीं. शिवाय मूळ नाटकाचा विषय तरी कोणता आहे ? विद्या कोणाची ? ज्याच्या घरांत ती जन्मली त्याची, कीं ज्यास तिची तहान लागली त्याची ? परक्या घराण्याची गायकी शिकण्यासाठीं तळमळणारा सदाशिव हाच त्या नाटकाचा प्राण आहे. त्याच नाटकाच्या भूमिकेवर कोणा एकाचाच कायमचा हक्क सांगावयाचा, हें त्या नाटकाच्याच शिकवणीविरुद्ध होईल.

'नटसम्राट'ची कथा तर याहून बोलकी. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजीं झाला. गणपतराव बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू; जन्मानें सातारचे, व्यवसायानें कान-नाक-घशाचे शल्यविशारद. ती भूमिका आणि लागू यांचें नांव असें एकजीव झालें कीं, पुढें दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांसारख्या मातबर नटांनीं ती केली तरी प्रत्येकास पहिल्या अंकापासून लागूंच्या सावलीशीं झुंजावें लागलें. १ जानेवारी २०१६ रोजीं महेश मांजरेकरांचा चित्रपट आला. त्यांत बेलवलकर नाना पाटेकर. लागू त्या वेळीं ८८ वर्षांचे होते. १७ डिसेंबर २०१९ रोजीं ते निवर्तले. पुनः तीच तुलना, तोच प्रश्न, तीच जुनी हळहळ.

आणि या नाटकांत घडतें तरी काय ? एक थोर नट रंगभूमीवरून निवृत्त होतो, असेल नसेल तें मुलांस वांटून टाकतो, आणि मग त्याच मुलांच्या घरांत त्यास बसावयास जागा उरत नाहीं. त्याच्याजवळ मोठेपणा आहे, कीर्ति आहे. परंतु त्या घरांत त्यास काम नाहीं. शिरवाडकरांनीं नटाची म्हणून जी व्यथा लिहिली ती प्रत्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांची निघाली, म्हणूनच तें नाटक पाहून लोक मुकाट्यानें घरीं जात. नव्या खेळांत जुना नट नाहीं म्हणून जो मनुष्य तावातावानें भांडतो, तो पुष्कळदां त्या नटासाठीं भांडतच नसतो. त्या नटास पाहिलें तें आपलें तारुण्य, बरोबर असलेलीं माणसें, परतीच्या गाडींत झालेल्या गप्पा, हें सारें आपल्यावांचून पुढें चाललें आहे, या जाणिवेशीं तो भांडत असतो. नटास वगळलें कीं त्यास वाटतें, आतां पाळी आपली.

म्हणून हा प्रश्न आमच्या कुटुंबांचाहि आहे. दिवाणखान्यांतून स्वयंपाकघरांत जाऊन पाहा. सासूबाईंनीं चाळीस वर्षें केलेलें पुरण यंदा सुनेनें केलें. पंगतींत कोणी तरी बोलून जातें, "छान झालें आहे, पण आईंच्या हातची चव नाहीं." सुनेचें तोंड उतरतें, आणि बाहेर झोंपाळ्यावर बसलेल्या सासूबाईंस क्षणभर बरें वाटतें, मग अधिकच वाईट वाटतें. कारण चव वाखाणली गेली, पण पुरण शिजतांना त्यांस कोणी हांक मारली नव्हती. सणाच्या दिवशीं वडिलांस पाटावर बसवून पायां पडावयाचें, आणि घर विकण्याचा अथवा नातीच्या शिक्षणाचा निर्णय त्यांस शेजाऱ्यांकडून कळावा, ही शोभेची भूमिका झाली. चित्रपटाच्या आरंभीं हार घालून बसविलेल्या वृद्ध नटाहून ती निराळी नाहीं.

दोष एकाच बाजूचा नसतो, हेंहि सांगितलें पाहिजे. किल्ल्यांचा जुडगा कमरेस ठेवून "सून कांहीं शिकत नाहीं" म्हणणाऱ्या सासूबाई, आणि दुकानाची वही उघडूं न देतां "मुलास व्यवहार कळत नाहीं" म्हणणारे वडील आपणांस ठाऊक आहेत. जो शिकवीत नाहीं, त्याच्या पश्चात् त्याची आठवण राहते. विद्या राहत नाहीं. वसंतराव गेल्यानंतर त्यांचें गाणें ध्वनिमुद्रिकांतच अडकून पडलें असतें तर आज त्यांच्या नांवानें हळहळणारे थोडे उरले असते. त्यांच्या नातवानें तें ऐकलें, घोटलें, स्वतःच्या गळ्यांतून काढलें, आणि २०२२ सालीं आलेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटांत आजोबांची भूमिकाहि केली. त्यांतील गायनासाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंतराव त्या चित्रपटांत नाहींत, असें म्हणण्याचें धाडस कोण करील ?

तेव्हां नव्या खेळास जातांना "जुना नट कां नाहीं" एवढाच प्रश्न बरोबर नेऊं नये. त्यास विचारलें होतें काय ? दिली ती जागा कामाची होती, कीं टाळीची ? आणि त्यानें मिळविलेलें पुढच्याच्या हातीं पोहोंचलें काय ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर त्याचें न दिसणें हा अपमान नव्हे. कर्तव्य पुरें करून विंगेंत जाऊन उभें राहणें आहे. उत्तरें तशीं नसतील तर चाहत्यांनीं अवश्य भांडावें. अशा भांडणामुळेंच नवा नट तयारीनें उभा राहतो. ज्या गांवचे रसिक भांडत नाहींत, तेथें कोणताहि खेळ खपून जातो.

नातवानें आजोबांस एकदां ती अंतराळाची कथा दाखवावी, आणि आजोबांनीं नातवास खांसाहेबांचीं पदें ऐकवावींत. दोघांनींहि मग आपापला नट कसा श्रेष्ठ याबद्दल पोटभर वाद घालावा. मात्र तो चालू असतां आंतून पुरणाचा वास आला, तर कोणी तरी उठून सासूबाईंस माजघरांत बोलवावें. चव पाहण्यासाठीं नव्हे; गूळ केव्हां घालावयाचा, हें विचारण्यासाठीं.