गाण्याची बॅटरी वेगळी, गाडीची वेगळी: ई-रिक्षातला १२ व्होल्टचा हिशोब

मी बोलतोय गोरेगावहून. मुंबईचं नाही बरं का, आपलं गोंदिया जिल्ह्यातलं. ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आजचा प्रश्न एका ई-रिक्षावाल्या दादाचा आहे. "भाऊ, गाडीत म्युझिक सिस्टिम बसवली, पंखा लावला, मोबाईल चार्जर लावला. आता चारपैकी एक बॅटरी बसली. मेकॅनिक म्हणतो, बॅटरीच खराब निघाली. खरं आहे का?"

बॅटरी खराब निघूही शकते. पण आधी एक गोष्ट बघा: ते गाणं नेमकं कुठून वाजतंय?

एकाच बैलावर दोन कामं

बहुतेक ई-रिक्षा ४८ व्होल्टवर चालतात. १२-१२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. गोल्फच्या मैदानावरची कार्ट किंवा रेल्वे फलाटावर आजी-आजोबांना नेणारी बॅटरी गाडी याच घराण्यातली, त्यामुळे हा हिशोब त्यांनाही लागू पडतो.

म्युझिक सिस्टिम आणि पंखा लागतो १२ व्होल्टचा. कंपनीच्या गाडीत हेडलाईट-हॉर्नसाठी छोटा कन्व्हर्टर असतो, पण त्यावर जास्तीचा लोड टाकला की लाईट मंद होतात. मग सोपा जुगाड काय? चारपैकी एका बॅटरीवरून दोन वायरी काढायच्या. बारा व्होल्ट मिळाले, गाणं सुरू!

आता धानाच्या बांधीत चिखलणीला चार बैल जुंपलेत असं समजा. त्यातल्या एकालाच रात्री वेगळ्या गाडीला जुंपलं, आणि चारा मात्र चौघांना सारखाच टाकला. काय होईल? तो एक उपाशी, बाकीचे तिघं जास्त खाऊन सुस्त.

बॅटरीचं हुबेहूब तसंच आहे. चार्जर चारही बॅटऱ्यांतून सारखाच करंट पाठवतो. जिच्यातून गाणं वाजलं ती रोज अर्धवट भरते. लेड-ॲसिड बॅटरी सतत अर्धवट राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची ताकद कमी होते. उरलेल्या तिघी ओव्हरचार्ज होतात, त्यांचं पाणी उडतं. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका.

आणि गाडी किती पळणार हे सगळ्यात कमजोर बॅटरी ठरवते. म्हणजे नुकसान एकीचं नाही, पूर्ण संचाचं. नवीन संच म्हणजे हजारो रुपयांचा फटका, तोही रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला.

आकड्यात बघू

समजा गाणं, पंखा, चार्जर मिळून सरासरी ३ अँपिअर खातात, म्हणजे साधारण ३६ वॅट. आठ तासांत झाले २४ अँपिअर-तास. बॅटरी १०० अँपिअर-तासाची असेल तर तिचा जवळजवळ पाव भाग गाण्यातच गेला. बाकी तिघींचा शून्य!

मग उपाय काय? दोन आहेत.

पहिला: ४८ ते १२ व्होल्टचा वेगळा डीसी-डीसी कन्व्हर्टर. हा चारही बॅटऱ्यांकडून सारखं घेतो. वरचाच लोड धरला, तर प्रत्येकीतून दिवसाला साधारण ७ अँपिअर-तास जातात. पंखा, मोबाईल, साधं गाणं एवढंच असेल तर माझं मत यालाच. १० अँपिअरचा घेतला तर काम आरामात होतं. तुमच्या गाडीत लिथियमचा पॅक असेल तर तो उघडून मधून लाईन काढायचा विचारही नको. तिथे कन्व्हर्टर किंवा वेगळी बॅटरी, एवढंच.

दुसरा: १२ व्होल्टची वेगळी बॅटरी. मोठा ॲम्प्लिफायर असेल, भोंगा लावून जाहिरात फिरवायची असेल, किंवा गाडी उभी ठेवून तासन्‌तास वाजवायचं असेल तर हा पर्याय बरा. गाणं कितीही वाजलं तरी गाडीचा एक किलोमीटरही कमी होत नाही.

साईज कशी ठरवायची? लेड-ॲसिड रोज अर्ध्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे २४ लागत असतील तर ५० अँपिअर-तासाच्या आसपासची घ्या. लिथियम फॉस्फेटची ३० ची पुरते, वजनालाही हलकी. कारची स्टार्टिंग बॅटरी नको. ती क्षणभर जोर लावायला बनवलेली असते, दिवसभर हळूहळू रिकामी व्हायला नाही.

जोडताना एवढं पाळाच

- फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्ह वायरवर. वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी फ्यूज उडायला हवा.
- वेगळ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर मोठ्या संचाला किंवा गाडीच्या पत्र्याला जोडू नका. दोन्ही वायरी थेट उपकरणापर्यंत न्या.
- तिचा चार्जर वेगळा आणि तिच्याच जातीचा. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला नको.
- हेडलाईट, ब्रेक लाईट, हॉर्न या बॅटरीवर टाकू नका. गाणं बंद पडलं तर चालतं बाप्पा, अंधारात लाईट गेली तर नाही.
- लेड-ॲसिड बॅटरी बंद डब्यात कोंडू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवा खेळती पाहिजे.

आजच करून बघा

पूर्ण चार्ज झाल्यावर चार्जर काढा, दोन-तीन तास थांबा. मग मल्टिमीटरने चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. चांगली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ च्या आसपास दाखवते. एखादी बाकीच्यांपेक्षा ०.३ व्होल्टने खाली असेल तर आधी तिच्यावरून कुठली वायर निघालीय का ते शोधा. ती वायर काढल्याशिवाय नवीन बॅटरी टाकू नका. नाहीतर नवीनही त्याच वाटेने जाईल.

तुमच्या ओळखीत कुणी ई-रिक्षा चालवत असेल तर हा भाग त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका. मापं घेऊन आकडे मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!