मोक्षपटाला रात्र हवी

मार्गशीर्षाच्या थंडीत येणाऱ्या वैकुंठ एकादशीला तमिळनाडूत रात्रभर जागतात, आणि जागण्यासाठी परमपद सोपान पट मांडतात.  कुंभकोणमचा सारंगपाणी साक्षात वैकुंठातूनच उतरला अशी श्रद्धा असल्याने, अन्य विष्णुमंदिरांत त्या दिवशी उघडणारा परमपदाचा वेगळा दरवाजा त्याच्या देवळात नाहीच. पण पट मात्र तमिळ घराघरांत असतो. साध्या कागदावर छापलेला, सापांना असुरांची नावे दिलेला, पितळेच्या लांबट फाशांनी खेळायचा. सापशिडीचे हे जुने रूप तिथे मोडकळीला आले नाही, कारण पंचांगाने त्याला एक रात्र राखून ठेवली आहे. आपल्या मोक्षपटाचे भवितव्यही याच एका गोष्टीवर ठरणार आहे, असे माझे ठाम मत आहे.

मोक्षपटाला सापशिडीचा आजोबा म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. सापशिडीत पहिला येणारा जिंकतो, बस्स. मोक्षपटात खेळणारा एक जीव होऊन जन्माच्या घरात उभा राहतो. लोभ, मत्सर, दया, भक्ती अशा नावांच्या घरांतून चढत-घसरत जातो. 72 घरांच्या वैष्णव पटाची रचना तर थक्क करणारी आहे. तिथे वैकुंठ शेवटच्या घरात नाही, 68व्या घरात आहे. नेमके दान पडले नाही तर जीव वैकुंठ ओलांडून पुढे जातो, आणि 72व्या घरातला तमोगुण त्याला गिळून थेट 51व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा आरंभ जग 1974 सालच्या अमेरिकन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून मोजते. पण फाशाच्या दानाला कथेचा अर्थ द्यायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रवासाला निघायचे, ही कल्पना आपल्या पटावर त्याआधीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला, हळूहळू घरांची नावे गळाली, आकडे उरले, आणि तेच रूप आपण मुलांसाठी परत विकत घेतले.

यावर पहिला आक्षेप असा, की इथे खेळाडूला निवडच नाही, सगळे दानावर. खरे आहे. म्हणूनच नव्या आवृत्तीत मी एकच नियम घालीन: ज्या घरात सोंगटी पडेल त्याचे नाव मोठ्याने वाचायचे, आणि आपल्या जीवाचे तिथे काय झाले ते खेळाडूने दोन-चार वाक्यांत सांगायचे. दान दैवाचे, निरूपण आपले. निरूपणाची सवय मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. तंजावरच्या मराठी राज्यामुळे ज्या कीर्तनाची वाट कावेरीकाठापर्यंत झाली, त्यातल्या साकी, दिंडी, ओवी आणि अभंग तिथल्या हरिकथेत आजही गायले जातात. आपण तिकडे कथा दिली. तिकडून खेळण्याची रात्र घ्यायला संकोच कशाला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पापपुण्याची ती यादी जुन्या समाजाची, ती आजच्या मुलांपुढे का ठेवायची? पण ती यादी कधीच एक नव्हती. जैन पट 84 घरांचा, वैष्णव 72चा, सूफी 100चा. प्रत्येकाने आपापली घरे आखली. मग आपणही आखावीत. राहता राहिला ज्ञानेश्वरांचा प्रश्न. मोक्षपट त्यांनी रचला ही परंपरा आहे. मात्र हाती आलेले पट त्यांच्या कितीतरी नंतरचे. या खेळावर कोपनहेगन विद्यापीठात 2019 साली प्रबंध लिहिणाऱ्या याकोब श्मिट-मॅडसन यांच्या अभ्यासाचा विषयही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला पश्चिम भारत हाच आहे. कर्तृत्व सिद्ध होईपर्यंत खेळ थांबवून ठेवायचे काही कारण मला दिसत नाही.

थांबवून ठेवले की काय होते ते सावंतवाडीत दिसते. दशावतारी गंजिफा, दहा रंगांची 120 पाने, पाच रंगांत दश्शा मोठा तर पाचांत एक्का, खेळ दिवसा राम उतरून सुरू करायचा आणि रात्री कृष्ण. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला मरणाच्या दारातून परत आणली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाने चौकटीत बसून भिंतीवर गेली. डाव मांडणारे मात्र विरळाच. हस्तकला वाचली तरी खेळ वाचतोच असे नाही.

मराठी पंचांगात खेळाच्या रात्री नाहीत असेही नाही. कोजागिरीच्या व्रतात जागरण आणि अक्षक्रीडा दोन्ही सांगितली आहेत. आज त्यातले आटीव दूध तेवढे उरले. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हे नावच आहे. माझी पसंती कोजागिरीला. गच्चीवर माणसे जमलेलीच असतात, बारा वाजेपर्यंत काय करायचे हा प्रश्नही असतोच. चुरमुऱ्यांच्या परातीशेजारी मावेल एवढा, स्वस्त कागदावरचा, घरांची नावे ठसठशीत मराठीत छापलेला पट आणि मूठभर कवड्या, इतकेच लागते. दिवाळी अंक काढणाऱ्यांना असा पट मधल्या जोडपानावर सहज छापता येईल. अंक कोजागिरीआधी बाजारात आणावा लागेल, एवढीच अडचण.